मदत हवी आहे: एमिलिया-रोमान्यातले किल्ले आणि चर्च, गाडी न चालवता

ओवी_झुरिक

नमस्कार मंडळी. एप्रिलअखेर आई-बाबा पुण्याहून माझ्याकडे येतायत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस त्यांनी टूर कंपनीबरोबर धावतपळत उरकलंय, म्हणून यंदा उत्तर इटलीतला एमिलिया-रोमान्या हा एकच प्रदेश चार-पाच दिवसांत निवांत बघायचा बेत आहे. बाबांना किल्ले हवेत (सह्याद्री पालथा घालून झालाय, आता गुडघे कुरकुरतात). आईला जुनी चर्च आणि त्यातली चित्रं. गाडी मी चालवणार नाही, तेव्हा तो सल्ला नको.

यादी अशी: बोलोन्या, मोडेना, पार्मा, फेरारा, रावेन्ना आणि किल्ल्यांत तोर्रेकियारा, फोंतानेल्लातो, कानोस्सा, सान लेओ. एवढं होणार नाही हे दिसतंय, पण कात्री कुठे लावू? मुक्काम एकाच जागी ठेवावा का? आणि आई शाकाहारी आहे, अंडं चालतं.

पडवीतला_पाहुणा

बोलोन्यालाच मुक्काम ठोका, स्टेशनपासून चालत जाता येईल असा. रोमनांनी इ.स.पू. १८७ मध्ये रिमिनीपासून पियाचेन्झापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत रस्ता काढला, व्हिया एमिलिया. बोलोन्या, मोडेना, पार्मा सगळी त्याच रस्त्यावर आहेत आणि रेल्वेही त्याच्या कडेकडेने जाते. फेरारा आणि रावेन्ना त्या रेषेवर नाहीत, पण तिथेही बोलोन्याहून थेट गाड्या आहेत. साध्या प्रादेशिक गाड्यांना आरक्षण लागत नाही, भाडंही ऐनवेळी वाढत नाही. कागदी तिकीट मात्र चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड.

कात्री कानोस्सा आणि सान लेओवर. कानोस्साला १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री पोप सातव्या ग्रेगरीची माफी मागायला तीन दिवस दाराबाहेर थांबला होता. गोष्ट थोर आहे, पण आज तिथे पडके अवशेष आहेत आणि गाडीशिवाय पोचायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम. सान लेओचा कडा बघून बाबा खूश होतील हे खरं (कालियोस्त्रो हा भामटा तिथेच कैदेत १७९५ मध्ये मेला), पण तो पार रिमिनीच्या बाजूला आहे.

भुईकोट

बाबांना आधीच सांगून ठेव, यातले बरेचसे 'किल्ले' आपल्या गडांसारखे नाहीत, तटबंदीतले वाडेच म्हणायचे. आत रंगवलेली दालनं जास्त, पाण्याची टाकी आणि चोरवाटा कमी.

फेरारा पहिला नंबर. भर गावात चार बुरुजांचा भुईकोट आणि खंदकात अजून पाणी. १३८५ मध्ये करांवरून दंगल झाली, जमावाने कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला ठार मारलं आणि हादरलेल्या सत्ताधारी एस्ते घराण्याने हा किल्ला बांधायला घेतला. म्हणजे शत्रूपेक्षा आपल्याच रयतेची धास्ती! खालच्या अंधारकोठड्या बघता येतात, फक्त दारं बुटकी आहेत, डोकं सांभाळा.

तोर्रेकियारा पार्माच्या दक्षिणेला टेकडीवर आहे. पिएर मारिया रोस्सी या सरदाराने तो १४४८ ते १४६० मध्ये बांधला. तिथली 'सोनेरी खोली' चुकवू नका. भिंतींवर भाजक्या मातीच्या फरशा आहेत, त्यांवर त्याची आणि त्याच्या प्रेयसीची, बियांकाची, आद्याक्षरं. वर छताकडे बघितलं की तीच बियांका यात्रेकरूच्या वेषात त्याच्या एकेका किल्ल्याशी त्याला शोधत फिरताना दिसते. पार्माहून लांगिरानोकडे जाणारी बस आहे, पण पुढे चढ आहे. गुडघ्यांचा विचार करून मी तरी टॅक्सी आधीच ठरवली असती, परतीसकट.

फोंतानेल्लातोही छान आहे. खंदकाने वेढलेला, आत पार्मिजानिनो या चित्रकाराने रंगवलेली छोटीशी खोली. पण दोन्ही करण्याचा हट्ट नको.

शिल्पवेडी

रावेन्नाला अख्खा दिवस द्या, कृपया! लोक दोन तासांत सान विताले चर्च उरकून पळतात. तिथे मोझेकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या चित्रांत) सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आहेतच, पण सांत'अपोलिनारे नुओव्हो या चर्चमध्ये थिओडोरिक या गॉथ राजाच्या राजवाड्याचं मोझेक शोधा. बायझंटाइन (पूर्व रोमन) सत्ता आल्यावर कमानींतली माणसं काढून तिथे पडदे बसवले, पण खांबांवर आलेले हात तसेच राहिले. खांबावर पंजा आहे आणि माणूस गायब! गाला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या छोट्या समाधीवास्तूत मोजकीच मिनिटं मिळतात आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते.

मोडेनाचं कॅथेड्रल १०९९ मध्ये सुरू झालं. दर्शनी भिंतीवर विलिजेल्मो या शिल्पकाराने बायबलातल्या उत्पत्तीच्या कथा कोरल्यात. पार्म्याला गुलाबी संगमरवरी अष्टकोनी बाप्तिस्मागृह आणि शेजारच्या कॅथेड्रलात कोरेज्जो या चित्रकाराने रंगवलेला घुमट. बरीच चर्च दुपारी साडेबारा ते तीनपर्यंत बंद असतात, जेवण तेव्हाच उरका. आणि सुटी नाणी जवळ ठेवा, काही ठिकाणी नाणं टाकल्याशिवाय चित्रावरचा दिवा लागत नाही.

ओवी_झुरिक

किती मस्त माहिती! बाबा 'निदान एक तरी चढण हवीच' म्हणतायत. रेल्वेने जमेल असं काही?

भुईकोट

ब्रिसिगेल्ला. फाएन्झाला गाडी बदलायची. गावावर तीन सुळके, एकावर किल्ला, एकावर घड्याळाचा मनोरा, तिसऱ्यावर देऊळ. बाबा चढतील तोवर आईला खालच्या 'गाढवांच्या गल्लीत' फिरवा. कमानीखालून जाणारी, जमिनीपेक्षा उंचावरची झाकलेली वाट आहे, तिथून जिप्सम वाहणारी गाढवं जायची.

पडवीतला_पाहुणा

काकूंच्या जेवणाचं: फेराराला भोपळ्याच्या सारणाचे काप्पेल्लाच्ची, पार्म्याला पालेभाजी-रिकोट्टा (मऊ चीज) भरलेले तोर्तेल्ली दएर्बेत्ता, दोन्ही सारण भरलेले पास्ते. भोपळ्यावर मांसाचा रस्सा घालतात, 'बुर्रो ए साल्विया' म्हणजे लोणी आणि सेज असलेलं मागा. रोमान्यातली पियादिना भाकरीसारखी दिसते, पण पिठात बरेचदा डुकराची चरबी असते, विचारून घ्या. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारा पदार्थ) असतं. ते चालतं का हे काकूंना घरीच विचारा, तिथे टेबलावर नको.

आणि २५ एप्रिल आणि १ मे या राष्ट्रीय सुट्ट्या. गर्दी असते आणि बसही कमी. तोर्रेकियारा त्या दोन दिवशी आणि सोमवारी ठेवू नका.