मदत हवी आहे: चांद्रयानाच्या फोटोंचं घरगुती थ्रीडी रीळ केलं, पण खड्ड्याच्या जागी टेकडी दिसतेय

मंडळी, माळा आवरताना लहानपणीचा व्ह्यूमास्टर सापडला (दोन भिंगांतून गोल रिळातले फोटो थ्रीडी दाखवणारं खेळणं), लाल रंगाचा, खटका अजून चालतो, रिळं मात्र तीनच उरलीत आणि त्यातल्या एकाला बुरशी. लेक सहावीत आहे, तिने विचारलं यात चंद्र बघता येईल का, मी छाती पुढे काढून म्हटलं दोन रविवारात करून देतो. आज पाचवा रविवार.

काय केलं ते सांगतो. प्रज्ञान रोव्हरच्या नॅवकॅमचे (वाट बघायच्या जोडकॅमेऱ्यांचे) डावे-उजवे फोटो एकत्र करून इस्रोने सप्टेंबर 2023 मध्ये लाल-निळ्या चष्म्याने बघायचा एक फोटो टाकला होता, विक्रम लँडर उभा आहे तो. त्यात डावा फोटो लाल चॅनलमध्ये आणि उजवा हिरव्या-निळ्यात आहे, म्हणजे गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनल सुटे केले की जोडी तयार, आणि फोटो मुळात कृष्णधवल असल्याने हरवत काहीच नाही. हे सुचलं तेव्हा स्वतःवर जाम खूश होतो.

मग बुरशीवाल्या रिळातल्या फिल्मच्या टिकल्या चिमट्याने काढल्या. एका रिळात 14 टिकल्या, सात दृश्यं, आणि एका दृश्याची जोडी शेजारी नाही तर समोरासमोर बसते, हे कळण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. फोटो ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकवर) प्रिंट करून घेतले (दुकानदार म्हणाला, अहो एवढुसं कशाला, पासपोर्ट साइज तरी घ्या), ब्लेडने कापले आणि शाई खरवडू नये म्हणून शीट उलटी करून बसवली.

आणि दिसतं काय तर लँडर जमिनीत खचलाय, खड्डे पुरीसारखे फुगलेत, आणि सगळ्यावर रांगोळीचे ठिपके. लेक म्हणाली, बाबा हा चंद्र आहे की साबुदाण्याचा पापड?

अजून दोन शंका आहेत. अपोलोच्या फोटोंचीही एक जोडी केली, अंतराळवीर एक फोटो काढून वजन दुसऱ्या पायावर टाकून परत काढायचे त्यातली, तर त्या फोटोंवरच्या अधिक चिन्हाच्या (+) खुणा दगडाच्या पोटात शिरल्यासारख्या दिसतात. आणि मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरची नॅवकॅमची जोडी स्क्रीनवर छान जुळते पण डोंगर बाहुलीघरातले वाटतात. त्याच्याच मास्टकॅमच्या (खांबावरच्या कॅमेऱ्यांच्या) नादी लागू नका हा फुकटचा सल्ला, डावी लेन्स 34 मिमी आणि उजवी 100 मिमी, जुळवता जुळवता डोकं धरलं.

जाणकारांनी कृपया सांगावं, नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
लँडरची सावली मूळ फोटोशी ताडून बघा बरं. माझी पैज आहे, उलट्या बाजूला पडत असणार. तुम्ही शीट उलटी बसवलीत म्हणजे दोन्ही फोटो आरशातले झाले, आणि डाव्या-उजव्याची अदलाबदल न करता दोन्ही आरशात घातले की खोली उलटते, म्हणजे खड्ड्याची टेकडी होते. प्रिंट आधीच मिरर करून घ्या आणि मग शाई खुशाल आत ठेवा.

ठिपक्यांवर मात्र इलाज नाही. टिकली जेमतेम 12 मिमी, 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) त्यात 142 पिक्सेल मावतात आणि ते तुम्ही भिंगातून मोठे करून बघताय. रिळाचा नाद सोडा. साध्या 6 बाय 4 इंची फोटोप्रिंटवर दोन फोटो शेजारी-शेजारी, प्रत्येकी 60 मिमी रुंद. दोन्हीतल्या लांबच्या वस्तूंमधलं अंतर 65 मिमीच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर डोळे बाहेरच्या बाजूला फाकवावे लागतात.

प्रतिसाद २
अपोलोच्या त्या + खुणा कॅमेऱ्यातल्या काचेवर कोरलेल्या असतात, 5 बाय 5 अशा पंचवीस. दोन्ही फोटोंत त्या एकाच जागी येतात, त्यामुळे त्या सगळ्या एकाच पातळीवर राहतात आणि चंद्र बिचारा त्यांच्या मागेपुढे. क्लोन टूलने पुसा, अर्धा तास जाईल.

क्युरिऑसिटीचे नॅवकॅम एकमेकांपासून 42 सेमीवर आहेत, आपले डोळे साधारण साडेसहावर. म्हणजे तुम्ही सहापट मोठ्या डोक्याच्या राक्षसाच्या नजरेने बघताय, डोंगर खेळण्यातले वाटणारच. पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्याच दुसऱ्या रोव्हरचे मास्टकॅम-झेड कॅमेरे 24.4 सेमीवर आहेत, तिथे जरा कमी जाणवेल.

धागाकर्ता
सावली खरंच उलटी! पैज जिंकलात. प्रिंट मिरर करून परत बसवलं, लँडर वर आला, पण साबुदाणा तसाच आहे. प्रतिसाद १, तुमचं पटलं, कार्ड करतो. फक्त त्यासाठी भिंगं कसली घेऊ? घरात नाणी बघायचं एकच आहे.

प्रतिसाद १
चष्म्याच्या दुकानात प्लस दहा नंबरची दोन न कापलेली भिंगं मागा. फोकल लेंथ 10 सेमी. कार्डही तेवढ्याच अंतरावर धरायचं, आणि दोन फोटोंच्या मधे पुठ्ठ्याची उभी पट्टी लावायला विसरू नका.