मदत हवी आहे : जुन्या शिडाच्या बोटीत पाणी येतंय, कुठून ते सापडत नाही

मीठवारा
कुणीतरी लवकर सांगा, शनिवारी निघायचंय. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट जागेत, पाणी येतंय, साधारण दोन बादल्या. नांगरावर उभी असते तेव्हा एक थेंब नाही, बाहेर जाऊन आलं आणि फ्लोअरबोर्ड उचलला की खाली पाणी हेलकावे खातंय. मागच्या वर्षी बोट घेतल्यापासून एकेक काम काढतोय, हॅचेस झाले, वायरिंग अर्धं नवीन झालं, आता लिथियम बॅटऱ्या बसवायच्यात पण त्यांची जागा बिल्जला लागूनच आहे म्हणून सगळं अडलंय. स्टफिंग बॉक्सचा (इंजिनचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवतो तो) नट दोनदा आवळला, काही फरक नाही. अजून किती आवळू?

जुनाखलाशी
अजिबात आवळू नका आता. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडायलाच हवेत, त्याच पाण्यावर पॅकिंग, म्हणजे शाफ्टभोवती गुंडाळलेली दोरी, थंड राहतं. कोरडं केलंत तर ते जळतं आणि शाफ्टवर खाच पडते, मग नवीन पॅकिंग घालूनही गळती थांबत नाही. इंजिन चालवून नटला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच सैल करा. आणि बोट किती फुटी, कुठल्या साली बांधलेली, कील (तळाखालचं वजन) कसला, काहीच लिहिलं नाहीये तुम्ही. पाणी खारं का गोडं? करंगळी बुडवून जिभेला लावा, पहिलं काम ते. गोडं असेल तर पाण्याची टाकी नाहीतर डेक.

कोराडेक
स्टफिंग बॉक्स काढूनच टाका, मी थेंब न गळणारं ड्रिपलेस सील बसवलं, कार्बनची रिंग आणि स्टीलची चकती, बिल्ज इतकं कोरडं की धूळ बसते. जुन्या बोटीवर पहिला अपग्रेड हाच करायला हवा.

जुनाखलाशी
आणि त्याचा रबरी बेलो (घड्यांची नळी) फाटला की? पॅकिंग बिघडतं ते हळूहळू, आधी कळतं तरी. बेलो फाटला तर पाणी धो धो आत. त्यांनी गळती कुठे आहे विचारलंय, काय विकत घेऊ हे नाही.

कोराडेक
बेलो मुदतीत बदलला तर काही होत नाही. पॅकिंगचा नट सैल पडून बुडालेल्या बोटीही आहेतच की.

मीठवारा
अहो भांडू नका, माझ्याकडे चार दिवस आहेत. पाणी खारं आहे. ३० फुटी, १९७८ ची, फायबरग्लासची स्लूप (एकच डोलकाठी), बोल्टवर बसवलेला शिशाचा कील, डिझेल इंजिन.

वरतीबघा
१९७८ म्हणजे स्टँडिंग रिगिंग (डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा) कधी बदललंय? १०-१५ वर्षांत बदलतात, बरेच विमावाले तर विचारतातच. आणि चेनप्लेट, त्या तारा बोटीला जोडणारी पट्टी! स्टेनलेस बाहेरून चकाचक दिसतं पण डेकमधून जाते ना तिथे ओलावा साचतो, हवा मिळत नाही, तिथेच आतून खातं. माझी एक काढली तर डेकच्या जाडीत बरोबर केसासारखी चीर होती, वरून काहीच कळत नव्हतं. बॅटऱ्या नंतर घ्या, डोलकाठी पडली तर बॅटऱ्यांचं काय करणार?

शीडवेडी
रिगिंगचं महत्त्वाचं आहे दादा पण पाण्याचं आधी बघू. मीठवारा, तीन प्रश्न. पाणी इंजिनवर जाताना येतं का शिडावर? शिडावर असेल तर वारा कुठल्या बाजूने असताना? आणि बाहेर किती तास असता? थेंबांचा हिशोब करून बघा, साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. मिनिटाला ६० थेंब धरले, म्हणजे पॅकिंग पार बिघडलेलं, तरी तासाला जेमतेम १८० मिली. चार तासांत पाऊण लिटरच्या आत. दोन बादल्या त्यातून येणारच नाहीत.

वीजवाला
बॅटऱ्यांचं सांगतो कारण ही चूक खूप जण करतात. लिथियम थेट जुन्या अल्टरनेटरला जोडू नका. लेड ॲसिड भरत आली की करंट आपोआप कमी घेते, लिथियम शेवटपर्यंत खेचत राहते, अल्टरनेटर तापून जळतो. आणि बीएमएसने (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) मध्येच सप्लाय तोडला तर व्होल्टेज उसळून डायोड जातात. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर टाका, इंजिनची बॅटरी लेड ॲसिडच ठेवा.

कोराडेक
मी थेट जोडलीये, दोन सीझन झाले, काही नाही झालं.

वीजवाला
नांगरावरून बाहेर पडायला वीस मिनिटं इंजिन चालवत असाल तर नाही होणार. सलग सहा तास चालवा आणि मग अल्टरनेटरला हात लावून दाखवा.

कीलबोल्ट
शिशाचा कील म्हटल्यावर कील आणि तळाच्या सांध्याला पुढच्या बाजूला फट दिसते का बघा. बोल्टच्या नटांभोवती तांबूस पाणी असेल तर बोट बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

शीडवेडी
कील हलत असेल तर नांगरावरही थोडं पाणी आलं असतं असं मला वाटतं. त्यांना आधी उत्तर देऊ द्या.

मीठवारा
बॅटऱ्यांचा वेगळा धागा काढतो, इथे नको. ताई, तुमच्या प्रश्नावरून आठवलं, मागच्या आठवड्यात वारा नव्हता, दिवसभर इंजिनवर होतो, त्या दिवशी बिल्ज कोरडं होतं! म्हणजे शिडावरच येतं. वारा डावीकडून असला, बोट उजवीकडे कलली की. उलट्या टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून असताना, नाही बहुतेक. चार-पाच तास असतो. सीकॉक (बोटीच्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) सगळे तपासले, कोरडे आहेत, सिंकचा आणि टॉयलेटचा निघताना बंद करतो.

शीडवेडी
मग उजव्या बाजूला पाण्याच्या वर काय काय भोकं आहेत? बिल्ज पंपाचं आउटलेट कुठे आहे?

मीठवारा
पंपाचा काही संबंध नाही, नवीनच आहे, दोन महिन्यांपूर्वी मी स्वतः बसवला, छान पाणी फेकतो म्हणून लिहिलं नाही. फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करतो तो) बॅटऱ्यांबरोबर जोडणार, सध्या पॅनेलवरून चालू-बंद करतो. आउटलेट उजवीकडे मागे, पाण्यापासून वीतभर वर, जुनंच भोक. जुना होज उगाच वर डेकखालपर्यंत चढवून मग खाली आणला होता, मी सरळ नेला, वळणं कमी.

जुनाखलाशी
सापडलं.

शीडवेडी
ते वळण उगाच नव्हतं हो. बोट कलते तेव्हा ते वीतभर वरचं आउटलेट पाण्याखाली जातं, आणि तुमचा होज तिथून सरळ उतारानं बिल्जमध्ये. हे पंप बंद असताना पाणी अडवत नाहीत, उलटं आरामात वाहतं. झुळुकीगणिक थोडं थोडं आत येतं. इंजिनवर बोट सरळ असते म्हणून कोरडी. होज पुन्हा डेकखाली उंच चढवा, आणि लूपच्या माथ्यावर हवा घेणारा व्हेंट बसवा, नाहीतर पंप थांबला की भरलेल्या होजमधून सायफन सुरू होऊ शकतो.

कोराडेक
एवढं कशाला, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने सोडणारा) टाका, दहा मिनिटांचं काम.

जुनाखलाशी
बिल्जमधला एक केस, एक कचऱ्याचा तुकडा त्यात अडकला की तो उघडा राहतो, नाहीतर चिकटून बंद होतो आणि पंपाचं पाणीच बाहेर जात नाही. बोट वाचवायच्या पंपावर असला भरवसा ठेवू नका.

शीडवेडी
शनिवारच्या आधी खात्री करून घ्या. होजचं पंपाकडचं टोक सोडवून वर डेकखाली बांधून ठेवा. बाहेरच्या भोकाकडचं टोक चुकूनही सोडवू नका, कलली की समुद्रच आत येईल. हातपंप आणि बादली तयार ठेवा. बिल्ज फडक्यानं कोरडं करून वर टाल्कम पावडर भुरभुरा, कुठूनही पाणी आलं तरी ओघळ उमटतो.

मीठवारा
आज दोन तास जाऊन आलो, मुद्दाम वारा डावीकडून घेतला, एकदा तर रेल (डेकची कड) पाण्याला लागली. फ्लोअरबोर्ड उचलला तर पावडर जशीच्या तशी, फक्त मागून स्टफिंग बॉक्सकडून एक बारीक ओघळ, करंगळीएवढा. येताना इंजिनवर नटला हात लावला तर चटका बसला होता, सैल केलाय, आता मिनिटाला तीन थेंब मोजले. होज उद्या वर चढवतो, व्हेंटचा लूप मागवलाय. ताई, खलाशीदादा, खूप खूप आभार, महिनाभर झोप नव्हती.

वरतीबघा, पावडर टाकायला उजव्या सेटीच्या (आतल्या बाकाच्या) मागची फळी काढली होती, तिथे चेनप्लेटखाली लाकडावर तपकिरी ओघळ दिसतोय. तो जुना असू शकतो ना?

वरतीबघा
फोटो टाका. आणि शनिवारी निघू नका.