ग्रे (न रंगवलेलं) कापड क्लीन, डाइंगला गेलं की पट्टे! पॉलिएस्टरवाले सांगा जरा

मागवाला_इचल: मंडळी, आमच्याकडे आजवर कॉटनच चालायचं, आता बाण्याला (आडव्या धाग्याला) पॉलिएस्टर लावलंय. ग्रे एकदम क्लीन, पण प्रोसेसवरून नेव्ही ब्लू होऊन आलं तर आडवे पट्टे, कुठे फिक्के कुठे गडद. प्रोसेसवाला म्हणतो सूत खराब, व्यापारी म्हणतो डेनियर मोजा, मोजलं तर बरोबर भरतंय. मग घोळ कुठाय? आणि हे पीओवाय, डीटीवाय काय प्रकरण आहे, धागा बनतो तरी कसा?

धागेदोरे: डेनियर म्हणजे 9000 मीटरचं वजन ग्रॅममध्ये, बास. धागा किती तापला, किती ओढला गेला हे त्यात कळत नाही.
पॉलिएस्टरच्या चिप्स (दाणे) आधी खडखडीत वाळवतात, ओल राहिली तर वितळताना पॉलिमर तुटतं. मग 280-290 डिग्रीला वितळवून स्पिनरेटच्या बारीक भोकांतून दाबून काढतात, सोऱ्यातून शेव पाडल्यासारखं, खाली थंड हवेचा झोत, थोडं तेल, आणि मिनिटाला 3000 मीटरच्या वर स्पीडने गुंडाळायचं. हा पीओवाय, म्हणजे अर्धवट ओढलेला धागा. तो ओढाल तसा लांबत जातो, म्हणून सहसा थेट मागावर लावत नाहीत. टेक्स्चरायझिंगच्या (धागा कुरळा करायच्या) मशीनवर तो हीटरमधून जाताना दीडपटीहून जास्त ओढतात, पीळ असतानाच तापतो नि थंड होतो, पीळ देणाऱ्या डिस्कच्या पुढे पीळ सुटतो पण कुरळेपणा राहतो. हा डीटीवाय, म्हणजे ओढून कुरळा केलेला धागा.
आता तुमचे पट्टे. हीटरचं तापमान किंवा ओढ थोडी इकडेतिकडे झाली की धाग्याची आतली रचना बदलते, रंग कमीजास्त शिरतो. पांढऱ्यात कोणाच्या बापाला दिसणार नाही.

कोन_मास्तर: +1. बॉक्सवरचे लॉट नंबर (धागा कुठल्या खेपेत बनला ते) बघा आधी. डेनियर सेम म्हणून दोन लॉट एका बाण्यात घालायचे नसतात, कंपनी एकच असली तरी.

मागवाला_इचल: बघितलं आत्ता. लेबल सेम, लॉट दोन निघाले!! व्यापाऱ्याने एकाच बिलात दिलेत, बोलला पण नाही.

कोन_मास्तर: मग भांडा त्याच्याशी, पण दोन्ही लॉटची लेबलं जपून ठेवा. पुढच्या वेळी प्रत्येक कोनातला (धाग्याच्या गुंडाळीतला) थोडा थोडा धागा घेऊन मोज्याच्या मशीनवर एकच नळी विणा आणि ती रंगवून बघा, फरक असला तर तिथेच दिसतो. विणायला काही अख्खा दिवस जात नाही हो.

मागवाला_इचल: आणि झालेल्या मालाचं?

धागेदोरे: प्रोसेसवाल्याला वरून काळा रंग मारायला सांगा. बरंचसं झाकलं जातं, दर मात्र नेव्हीचा मिळणार नाही.