२०२६ चा नवा हंगाम येतोय : तुमची फॉर्म्युला वनची आठवण सांगा, यंदाचा अंदाजही सांगा

वाळूजकर
परवा पोरानं मोबाईल पुढं धरला. "बाबा, ही बघा ऑडीची एफ वन गाडी." चंदेरी, काळी, मागं लाल आणि त्या चार कड्या. शेंद्र्याच्या एमआयडीसीत उमेदीची वर्षं काढलीत मी. याच चार कड्यांच्या गाड्या आपल्या संभाजीनगरात जुळून गेटाबाहेर पडताना रोज पाहिल्यात. आता तीच खूण मेलबर्नला पहिल्या रेसच्या ग्रिडवर, गाड्या सुटायच्या रांगेत, उभी राहणार म्हणल्यावर अंगावर काटा आला, आणि एकदम २००५ आठवलं.

तेव्हा बजाजनगरात एका खोलीत आम्ही शिफ्टवाली पोरं राहायचो. नारायण कार्तिकेयन जॉर्डनच्या पिवळ्या गाडीत बसला, एफ वनमधला पहिला भारतीय, आणि खोलीतल्या छोट्या टीव्हीला मान आला. इंडियानापोलिसची रेस आपल्याकडं रात्री उशिरा. मिशेलिनचे टायर तिथल्या तिरक्या वळणावर टिकेनात, म्हणून फॉर्मेशन लॅप, म्हणजे रेसआधीची फेरी, संपताच १४ गाड्या सरळ पिटमध्ये, आपापल्या गॅरेजकडं, शिरल्या. उरल्या सहा. त्यात नारायण चौथा आला, ५ गुण. लोक म्हणतात फुकटचे गुण. मी मानत नाही. गाडी शेवटपर्यंत नीट आणणं हे पण कामच आहे. ते ५ गुण त्याच्या नावावर कायमचे आहेत.

यंदा नियम सगळे नवे. सॉबरच्या जागी ऑडी, शिवाय कॅडिलॅक ही अकरावी टीम, म्हणजे २२ गाड्या. २०२५ ला मॅक्लारेनच्या नॉरिसनं रेड बुलच्या व्हर्स्टॅपनला फक्त २ गुणांनी मागं टाकून किताब घेतला, ४२३ आणि ४२१. पण नव्या गाड्यांपुढं ते सगळं पुसलं गेलं असं धरा. तुम्हाला हा नाद कुठून लागला ते लिहा, आणि यंदा कोण ते पण.

मांजराकाठ
इंटरलागोस २००८, ब्राझीलची, हंगामातली शेवटची रेस. फेरारीचा फेलिपे मासा की हॅमिल्टन, किताब तिथंच ठरणार. शेवटचे लॅप चालू आणि लाईट गेली.

भारनियमनाचे दिवस. दिवाळीच्या सुट्टीत औशाला मामाकडं होतो. बाहेर मिट्ट काळोख. मामाच्या पोरानं पुण्याला मित्राला फोन लावला. तिकडून ओरडणं आलं, "मासा चॅम्पियन!" दिवाळीतली उरलेली माळ होती, ती लावली आम्ही गल्लीत. मामी उठून आली, म्हणली आता रात्री कशाचे फटाके. तेवढ्यात परत फोन. हॅमिल्टननं शेवटच्या वळणांवर ग्लॉकला गाठलं, पाचवा आला, एका गुणानं किताब त्याचा. ग्लॉक कोरड्या टायरवर होता आणि पाऊस वाढला होता, बिचारा काय करणार. नंतर चित्रफीत बघितली तर फेरारीच्या गॅरेजमध्ये मासाच्या घरच्यांचं पण हेच झालेलं, आधी उड्या, मग एकदम गप्प. त्या दिवसापासून मी फेरारीचा.

२००७ ला किमी रायकोनेनचा किताब, २००८ ला टीमचा किताब, त्यानंतर काहीच नाही. यंदा फेरारीचा लेक्लेर. माझं मन सांगतंय.

पाना_पक्कड
मेलबर्नच्या आधी कुणाचं मन काय सांगतंय त्यापेक्षा इंजिन काय सांगतंय ते बघा.

मी वाळूजला वर्कशॉप चालवतो, इंजिनाचं काम हाच धंदा. जमेल तसं सांगतो. आतापर्यंत विजेवरची मोटर १२० किलोवॅटची होती, आता ३५०. पेट्रोलच्या इंजिनाचा जोर ५५० च्या आसपास होता, तो ४०० च्या आसपास येतोय. म्हणजे जवळजवळ निम्मं निम्मं. टर्बोला जोडलेली मोटर, एमजीयू-एच, ती काढून टाकली. ती होती म्हणून टर्बो कायम फिरता राहायचा. आता सुटताना टर्बोला दम घ्यावा लागणार, त्यामुळं रेसच्या सुरुवातीला मोठी उलथापालथ बघायला मिळेल असं मला वाटायलंय.

बॅटरीचं असं समजा, उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी. टँकर दिवसाआड. सकाळीच सगळं वापरलं तर संध्याकाळी भांडी तशीच. लांब सरळ रस्त्यावर जोर ओतला की पुढच्या सरळ रस्त्याला टाकी कोरडी. ब्रेक लावताना भरून घ्यायची, आणि काही ठिकाणी सरळ रस्त्यावरच पाय काढून भरायची. ज्याला हे डोक्यात ठेवून गाडी हाकता येईल तो पुढं.

डीआरएस, म्हणजे ओव्हरटेकसाठी मागचा पंख उघडायची सोय, ते गेलं. त्या जागी पुढचे-मागचे दोन्ही पंख सरळ रस्त्यावर सगळ्यांचेच आडवे होणार. पुढची गाडी एका सेकंदाच्या आत असेल तर मागच्याला विजेचा जादा जोर मिळेल, ओव्हरटेक करायला.

आता मुख्य चर्चा. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे इंजिनात हवा-इंधन किती पट दाबलं जातं ते, १८ वरून १६ वर आणलाय. पण मोजतात इंजिन थंड असताना. धातू तापला की प्रसरण पावतो हे आपल्या गॅरेजातल्या पोराला पण माहीत आहे. मर्सिडीजनं म्हणे इंजिन असं बांधलंय की गरम झाल्यावर रेशो वाढतो, अन् त्याबरोबर जोरही. खरं-खोटं पुढं कळेल. पण २०१४ ला नियम बदलले तेव्हा यांनीच टर्बोचे दोन भाग इंजिनाच्या दोन टोकांना बसवले होते आणि १९ पैकी १६ रेस नेल्या. इंजिनवाल्यांचं डोकं कसं चालतं ते त्या वर्षी पाहिलं आणि मी कायमचा अडकलो. माझा अंदाज मर्सिडीजचा रसेल.

गोदामाय
पक्कडदादा, हे इतकं सोपं करून कॉमेंट्रीत पण कुणी सांगत नाही. वाचून झाल्यावर घरी वाचून दाखवलं.

स्टेशन_रोड
मर्सिडीजचं नाव निघालं म्हणून. २०१० ला आपल्या शहरात एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या व्यापारी-उद्योजकांनी मिळून, आठवतंय का? मी कॉलेजात होतो. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपमध्ये सगळे मर्सिडीजवाले 😄 रसेलला माझं पण मत.

परभणीचा_पक्का
जगात जर्मनी, भारतात परभणी! ऑडी सोडून आमचं मत दुसरीकडं कसं जाईल 😀

खरं सांगायचं तर ऑडीच्या हुल्केनबर्गसाठी. २०२५ ला सिल्व्हरस्टोनला तिसरा आला, कारकिर्दीतल्या २३९ व्या रेसमध्ये पहिलं पोडियम. शेवटून सुरुवात करणाऱ्यांत होता, एकोणिसावा, आणि पावसात वर आला. मी शेतात मोटर चालू करायला गेलो होतो, बांधावर बसून मोबाईलवर बघितली ती रेस. डोळ्याला पाणी आलं. इतकी वर्षं चांगली गाडी न मिळता माणूस टिकून राहतो हे सोपं नाही हो.

पहिल्या वर्षी जिंकणार नाहीत हे मला कळतं. नवीन इंजिन आहे, पहिल्यांदाच. गुणांत राहिले तरी पेढे.

वाळूजकर
@परभणीचा_पक्का पेढे मी घेऊन येतो, तुम्ही हुरडा ठेवा.

परभणीचा_पक्का
हुरडा संपत आलाय, लवकर या मामा.

रसशाळा
इंधनाबद्दल कुणीच बोलंना म्हणून लिहितो. साखर कारखान्यात केमिस्ट आहे, धाराशिव जिल्हा. सध्या गाळप चालू, त्यामुळं तुकड्या-तुकड्यात.

२०२२ पासून एफ वनच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल होतं. आता पूर्ण १०० टक्के टिकाऊ इंधन. पण आपल्याकडं लोकांना वाटतं की उसाच्या रसाचं इथेनॉल तिकडं चालेल. नाही चालत. खाण्याच्या पिकापासून केलेलं नको अशी अट आहे. शेतातला काडीकचरा, शहरातला कचरा, किंवा हवेतला कार्बन धरून केलेलं चालतं. आता बघा, आमच्या अंगणात बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, डोंगर असतात. आम्ही ते बॉयलरला जाळतो, वीज करतो. त्याच बगॅसपासून इथेनॉल करता येतं, फक्त खर्चिक आहे, आधी त्यातली साखर मोकळी करावी लागते. एफ वनच्या इंधन कंपन्या त्या खर्चाचा तोडगा काढायच्या मागं लागल्या तर त्याचा फायदा उद्या आपल्या कारखान्याला होईल, अन् मग उसाच्या टनामागं शेतकऱ्याला दोन पैसे जादा मिळतील. मी या हंगामाकडं त्या नजरेनं बघतोय. कोण जिंकेल ते नंतर.

इंधन सगळ्यांचं एकच नसणार, त्यामुळं फरक तिथंही पडेल. पक्कडदादांनी हे पण धरावं.

पाना_पक्कड
धरलं. बरोबर आहे तुमचं. इंजिनाइतकंच इंधनावर अवलंबून राहील यंदा.

नांदेडची_ताई
डबे भरता भरता वाचतेय सगळं. मी कधी लिहीत नाही, पण आज लिहिते.

मला हे माझ्या धाकट्या भावानं लावलं. सॅन मरिनोच्या रेसमध्ये १९९४ ला आयर्टन सेना हा ड्रायव्हर गेला ते आमच्या अण्णांनी पेपरात दाखवलं होतं, तेव्हा तो लहान होता. पुढं शूमाकरचे किताब आले तेव्हा वहीच्या मागं गुणतक्ता लिहायचा. मी चिडवायचे, एवढा अभ्यास केला असतास तर. नंतर तो हॅमिल्टनचा झाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत गेला. ऑक्सिजनसाठी आम्ही किती फिरलो ते आता लिहीत नाही.

त्याच डिसेंबरात अबू धाबी. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण रेस एकटीनं बघितली, त्याच्या जागी बसून. हॅमिल्टन पुढं होता, आठवा किताब हातात होता. मग सेफ्टी कार, सगळ्यांना हळू करणारी गाडी, मग शेवटचा एक लॅप, आणि किताब गेला. मला नियम कळत नव्हते, तरी मी रडले. तो असता तर मला समजावून सांगितलं असतं त्यानं.

मागच्या वर्षी हॅमिल्टन फेरारीच्या लाल गाडीत चीनची स्प्रिंट, ती शनिवारची छोटी रेस, जिंकला, पण रविवारच्या एकाही रेसमध्ये पहिल्या तिघांत नाही. लोक म्हणतात संपला. यंदा गाड्या नवीन आहेत, सगळे सारख्या रेषेवर आहेत. आठवा व्हावा. मला बाकी काही नको.

मांजराकाठ
ताई, लेक्लेर म्हणालो होतो मी. तुमच्यासाठी हॅमिल्टन. लाल गाडीच आहे शेवटी.

गोदामाय
ताई, मी पण नांदेडची. त्या एप्रिलची आठवण नको वाटते. आमच्या जाऊबाई गेल्या तेव्हा. तुम्ही तरोड्याकडं राहता का? रेसच्या दिवशी माझ्याकडं या, मोठ्या टीव्हीवर सगळ्या मिळून बघू.

नांदेडची_ताई
वजिराबादला. येते नक्की 🙏

जालना_एक्सप्रेस
३० ऑक्टोबर २०११, ग्रेटर नोएडा, पहिली इंडियन ग्रांप्री. मी तिथं होतो.

सचखंड एक्सप्रेसनं गेलो दोस्तांबरोबर. रिझर्वेशन कन्फर्म नव्हतं, वाटेत लंगरचं जेवण, दाल-भाजी. भांडं घेऊन उतरायचं आणि गाडी सुटायच्या आत चढायचं.

आवाज. त्यावर मी पानं लिहू शकतो. २.४ लिटरचं व्ही८, १८००० फेरे. पहिली गाडी समोरून गेली तेव्हा छातीत घुमलं. शेजारी एक सरदारजी आजोबा होते, त्यांनी कान झाकले नाहीत, डोळे मिटले. व्हेटेलनं तिन्ही वर्षं जिंकली इथली रेस, २०१३ ला इथंच चौथा किताब घेतला आणि गाडीपुढं गुडघ्यावर बसून नमस्कार केला. त्यानंतर कराच्या भांडणात सगळं बंद पडलं. एवढा चांगला ट्रॅक, ड्रायव्हरांनी नावाजलेला. याचं दुःख मला नव्या हंगामाच्या प्रत्येक वेळापत्रकाला होतं. २४ रेस, आणि आपलं नाव नाही.

अंदाज: व्हर्स्टॅपन. रेड बुलनं फोर्डबरोबर स्वतःचं इंजिन केलंय, सगळे म्हणतात पडणार. पण २०२५ ला उन्हाळ्यानंतर किती मागून येऊन २ गुणांवर आणलं त्यानं. त्या माणसाला कमी लेखू नका.

स्टेशन_रोड
सचखंडचा लंगर अजून मिळतो का हो? आम्ही मेमध्ये अमृतसरला निघालोय.

जालना_एक्सप्रेस
मिळतो. आपापली भांडी ठेवा बरोबर, ताट-वाटी. आमच्या जालन्यात पण मिळतो, डब्याच्या दारापाशी थांबा.

गोदामाय
नांदेडला तर निघतानाच मिळतो.

हिंगोलीची_पोर
मी नवीन आहे, चालेल ना? लातूरला नीटच्या क्लासला आहे. मोबाईल फक्त रविवारी मिळतो, तो पण थोडाच वेळ. त्यामुळं मी रेस बघत नाही, लॅप बाय लॅप वाचते.

माझा आवडता अर्विद लिंडब्लाड. रेसिंग बुल्स टीममध्ये, यंदा सगळ्या ड्रायव्हरांत एकटाच नवखा. वय १८. वडील स्वीडिश, आईकडून भारतीय मूळ. माझ्याच वयाचं कुणीतरी एवढ्या वेगात एवढं डोकं शांत ठेवतं हे बघितलं की मला पेपरची भीती कमी वाटते. अंदाज: तो या वर्षी एकदा तरी पहिल्या पाचात येईल.

रसशाळा
बेटा, आधी नीट, मग लिंडब्लाड. पण अंदाज चांगला आहे. मर्सिडीजचा अँटोनेल्ली पण मागच्या वर्षी १८ चाच होता, पोडियमवर चढला.

हिंगोलीची_पोर
हो काका 🙂 टेस्ट आहे उद्या, बायोची.

पाना_पक्कड
पोरी, चांगली दे टेस्ट. हंगामाआधीच्या गाड्यांच्या बहरीनच्या टेस्टचं मी इथं लिहून ठेवीन, फेब्रुवारीत ११ ते १३ आणि १८ ते २०. वेळा फसव्या असतात, कुणी पेट्रोल भरून पळतं कुणी रिकामं, तरी लांब पल्ल्याचे लॅप बघून बरंच कळतं. रविवारी वाच.

मांजराकाठ
अॅस्टन मार्टिनचं कुणीच नाव घेतलं नाही. न्यूई या डिझायनरनं काढलेली गाडी, होंडाचं इंजिन, आणि अलोन्सो. २००१ ला पहिली रेस खेळलेला माणूस अजून ग्रिडवर आहे!

वाळूजकर
खरंय, राहिलंच ते. अलोन्सोनं २००५ ला पहिला किताब घेतला, तेच आमचं बजाजनगरचं वर्ष. तो जिंकला तर माझ्या खोलीतले सगळे फोन करतील, कुणी चाकणला, कुणी होसूरला आहे.

परभणीचा_पक्का
माद्रिदची नवीन रेस १३ सप्टेंबरला आहे ना? दुसऱ्या दिवशी गणपती. घरात मखराचं काम असणार आणि मी टीव्हीपुढं. कुणाला जमणारंय?

गोदामाय
रेस संध्याकाळची असेल आपल्याकडं. मखर दुपारपर्यंत उरकून घ्या. आमच्याकडं तसंच ठरलंय, पोरांना सकाळीच कामाला लावणार.

जालना_एक्सप्रेस
तिथं एक मोठं तिरकं वळण केलंय म्हणे, २४ टक्के उतार. ते बघायला तरी बसणारच. मेलबर्न ८ मार्चला, सकाळी साडेनऊ, रविवार. उठायला अडचण नाही कुणाला.

नांदेडची_ताई
गोदामाय, ८ तारखेला मी धपाटे आणि दही घेऊन येते. पत्ता निरोपात टाका.