न्हावा शेवा ते रत्नागिरी: ६४ टनांचं जहाजी इंजिन रस्त्याने कसं न्यावं?

मिऱ्याकाठ यांचा प्रश्न

रत्नागिरीच्या एका यार्डात जहाजात बसवायचं मध्यमगती इंजिन ऑगस्टअखेर न्हावा शेवाला उतरतंय. बारा सिलिंडर, व्ही रचना. पॅकिंग लिस्टप्रमाणे स्किडसकट (खालच्या लोखंडी चौकटीसकट) वजन ६४ टन, लांबी ७.४ मीटर, रुंदी ३.३, उंची ४.१. टर्बोचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, थोडक्यात टर्बो) जागेवर बसवूनच येणार आहे. तो उतरवला तर उंची ३.५५ होते.

तिघांचे दर आले. दोघं हायड्रॉलिक ॲक्सल म्हणतात, म्हणजे टायरांच्या रांगा जोडून केलेला, तेलदाबाने पाटी वरखाली होणारा ट्रेलर. तिसरा लो-बेडवर (साध्या, खाली पाटीच्या ट्रेलरवर) 'तीन रात्रींत पोचवतो' म्हणतो आणि त्याचा दर बाकीच्यांच्या जवळजवळ निम्मा आहे. साहेबांचं मन साहजिकच तिसऱ्याकडे ओढतंय. लो-बेड चालेल का? टर्बो उतरवावा का? आणि मुंबई-गोवा हायवेने जावं की पुणे-कोल्हापूर करून आंबा घाट उतरावा?

---

अठरा_टन

निम्मा दर कुठून आला ते आधी बघा. सर्वसाधारण ट्रॅक्टर-ट्रेलरला मालासकट एकूण वजनाची मर्यादा ५५ टन आहे आणि तुमचं नुसतं इंजिनच ६४. म्हणजे तो परवान्याशिवाय रात्री रेटणार. पकडला गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये, शिवाय जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे २,००० आणि गाडी जागेवर उभी. दंड तो भरेलही, पण इंजिन रस्त्याकडेला पावसात उभं राहील ते तुमचं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा परवानाच मागते.

हायड्रॉलिक ॲक्सलचा हिशोब असा. आठ टायरांच्या एका रांगेवर, रांगेच्या स्वतःच्या वजनासकट, १८ टन धरतात. रांगेचं वजन साधारण ४ टन. इंजिन ६४, खालचे बीम आणि पॅकिंग २, सहा रांगांचे २४, असे ९० टन. सहाने भागले की रांगेला १५. कागदावर सहा रांगा पुरतात, पण मी आठ घेईन: एकूण ९८ टन, रांगेला सव्वाबारा. रांगांमधलं अंतर दीड मीटर असतं, त्यामुळे तेच वजन ९ ऐवजी १२ मीटरवर पसरतं आणि जुन्या मोऱ्यांना त्याचा फरक पडतो. एखाद्या रांगेचा होज फुटला तर ती रांग उचलून पुढे जाता येतं, हाही फायदा.

पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) बॅलास्टसकट, म्हणजे चाकांच्या पकडीसाठी चढवलेल्या वजनासकट, २२ टन धरला तर सगळं मिळून १२० टन. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ऑनलाइन परवानगीत १६९ टनांपर्यंतचं प्रकरण तुलनेने सरळ निघतं, त्यावर गेलं की पुलांच्या तपासणीचे अहवाल लागतात. तुम्ही बरेच खाली आहात. राज्य आणि जिल्हा रस्त्यांचा तुकडा असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याची परवानगी वेगळी काढावी लागते. यार्डाच्या फाटकापर्यंतचे शेवटचे चार-पाच किलोमीटर सगळ्यांच्या डोक्यातून निसटतात आणि गाडी तिथेच अडते.

परवाना न फोडता येणाऱ्या एकाच नगाला मिळतो. 'जागा आहे' म्हणून स्पेअरच्या दोन पेट्या त्याच ट्रेलरवर चढवू नका. चेकपोस्टला तेवढं निमित्त पुरतं.

---

क्रँककेस

आता इंजिनाबद्दल. हे ६४ टनांचं लोखंडी ठोकळं नाही, हे ट्रेलरवाल्याला कुणीतरी समजावलं पाहिजे.

व्ही इंजिनाला खाली ऑइल संप लोंबतो. वजन घेतात ते दोन्ही बाजूंचे पाय, संप नाही. संप म्हणजे पत्र्याची वेल्ड केलेली परात. चढवताना इंजिन जरा उंच टेकलं की गँगमधला कुणीतरी सवयीने पायाखाली आणि संपाखाली, दोन्हीकडे लाकडी स्लीपर ठोकतो. स्थिर असताना काही कळत नाही. पहिल्या खड्ड्यात ट्रेलर लवतो, पायाखालचं लाकूड दबतं आणि भार संपावर येतो. पोचल्यावर तळाला हाताच्या पंजाएवढा खळगा दिसतो, आत सक्शन पाइपची जाळी तिरकी झालेली असते. संप आणि ट्रेलरची पाटी यांच्यामध्ये निदान ५० मिमी मोकळी हवा दिसली पाहिजे. निघण्याआधी बॅटरी मारून आरपार बघा: पलीकडचा उजेड दिसला तरच गाडी सोडा.

उचलताना मेकरचा लिफ्टिंग बीमच वापरा. नुसत्या चार स्लिंगा एका हुकात घेतल्या तर त्या आत झुकतात आणि हेड कव्हर, इंधनाचे पाइप दाबतात.

बांधणीचा आकडा काढून घ्या. युरोपीय प्रमाण १२१९५-१ प्रमाणे पुढच्या दिशेला ०.८ जी (वजनाच्या ०.८ पट ओढ), बाजूंना आणि मागे ०.५ जी धरतात. लोखंडावर लोखंड ठेवलं तर घर्षण ०.१ च्या आसपास, म्हणजे पुढच्या दिशेला ०.७ गुणिले ६४, जवळजवळ ४५ टन साखळ्यांनी पेलायचे. स्किडखाली रबरी अँटी-स्लिप मॅट टाकली तर ०.६ धरता येतं, पण थेट बांधणीत त्याचा पाऊणच हिस्सा मोजायचा, म्हणजे ०.४५. उरले ०.३५ गुणिले ६४, साडेबावीस टन. ग्रेड ८० ची १३ मिमी साखळी १० टनांची असते, पण तिरकी बांधल्यामुळे पुढच्या दिशेला सात टनच कामी येतात. म्हणजे मॅट असेल तर पुढची ओढ धरायला ४ साखळ्या, नसेल तर ७. एवढ्या साखळ्या अडकवायला स्किडला डोळेच नसतात, मग त्या लिफ्टिंग लगला किंवा, देव न करो, चार्ज एअर कूलरच्या ब्रॅकेटला अडकवल्या जातात. मॅट स्वस्त आहे, टाका. साखळी स्किडच्या डोळ्यालाच अडकवायची, इंजिनाच्या कुठल्याही भागाला नाही. पहिल्या २० किलोमीटरनंतर थांबून सगळे टेन्शनर पुन्हा ताणा. लाकूड बसतं, साखळ्या ढिल्या होतात.

टर्बो उतरवावा, असं माझं मत. पण ते काम मेकरच्या सर्व्हिस इंजिनिअरसमोर, एक्झॉस्ट आणि हवेची तोंडं बोल्ट मारलेल्या प्लेटनी बंद करून. टेप चालत नाही, वाटेत धूळ आत जाते. टर्बो त्याच्या पेटीत, वेगळ्या ट्रकने. फ्लायव्हीलजवळचं क्रँकशाफ्टचं ट्रान्सपोर्ट लॉक आणि रबरी माउंटिंग असतील तर त्यांचे लॉक फाउंडेशनवर बसेपर्यंत काढू नका. गंजरोधक आवरण फाटलं तर तिथल्या तिथे चिकटवा. ऑगस्टची हवा आहे.

आणि शॉक रेकॉर्डर, म्हणजे वाटेत बसलेले धक्के नोंदवणारं यंत्र. ताबा घेण्याआधी, बंदरातच, सर्व्हेयरसमोर त्याचं वाचन फोटोसकट नोंदवा. जहाजावर बसलेला धक्का बाहेर पडल्यानंतर सापडला तर 'रस्त्यात झालं' असं म्हणायला सगळे मोकळे. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना जहाज कंपनीला ताबा घेतल्यापासून ३ दिवसांत जायला हवी.

---

मिऱ्याकाठ

संपाचं कुणीच सांगितलं नव्हतं, आभार. लो-बेडवाल्याला नाही म्हणतो. पण टर्बोमुळे उंचीत ५५ सेंटीमीटरच कमी होतात. त्यासाठी इंजिनिअर बोलवायचा खर्च साहेबांच्या गळी कसा उतरवू?

---

घाटवाट

हेच ५५ सेंटीमीटर तुमचा सगळा प्रवास ठरवतात. साहेबांना असं सांगा. हायड्रॉलिक ॲक्सलची पाटी चालताना जमिनीपासून साधारण १.१५ मीटर. बीमचे ०.२. टर्बोसकट ४.१ मिळवले की ५.४५. हायवेवरच्या नव्या पुलांखाली आणि कमानींखाली ५.५ मीटर मोकळी उंची अपेक्षित असते, पण डांबराचे दोन थर वर चढले की तिथे ५.४ उरते आणि उंचीच्या फलकावरची संख्या तीच राहते. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारांना किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीला ६.१ असा नियम आहे, पण गावातली तार उन्हाळ्यात किती झोळते ते तुम्हाला माहीत आहे. टर्बो उतरवला की ४.९०. मग बहुतेक तारा नुसत्या बघायच्या, उचलायच्या नाहीत. महावितरणचं शटडाऊन मागायला लागणारी प्रत्येक जागा म्हणजे एक दिवस. एवढे दिवस वाचतात, त्यांचं ट्रेलर भाडं आणि इंजिनिअरचा खर्च शेजारी शेजारी मांडा.

रेल्वे फाटक मात्र दोन्ही प्रकारे बंद. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर हाइट गेज ४.६७ मीटरला असतं आणि कोकण रेल्वेवर आता सगळीकडे तारा आहेत. ॲक्सलची पाटी ०.३ खाली घेतली तर ४.६० होतात, पण त्या ७ सेंटीमीटरवर कुणी सही करणार नाही. रस्ता फाटक टाळूनच आखा.

आंबा घाट विसरा. आधी खंडाळा चढायचा, मग देशावरून फिरून पुन्हा उतरायचं, तेही अरुंद वळणांवर. पळस्पे, पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, हातखंबा हाच रस्ता. यात माझ्या मते बघण्याच्या जागा: माणगाव आणि इंदापूर गावांतली कोंडी, कशेडी, खेडजवळचा भोस्ते घाट आणि परशुराम. कशेडीच्या बोगद्यातून परवानगी मिळाली तर उत्तम, पण मधल्या उंचीवर विसंबू नका. कमान कडेला खाली येते आणि वर पंखे टांगलेले असतात, तुमच्या ३.३ मीटर रुंदीच्या दोन्ही कोपऱ्यांवरची उंची मोजा. भोस्तेत उतारावरचं वळण आहे, तिथे चार-बिंदू सस्पेंशन ठेवा, म्हणजे रांगांचे तेलदाबाचे चार गट करा. तीन बिंदूंवर पलटायची कडा आत सरकते.

चढाला ओढीचा हिशोब: १२० टन, ६ टक्के चढ म्हणजे ७.२ टन, चाकांचं घर्षण दीड टक्का म्हणजे १.८. एकूण ९ टन ओढ. पुलरच्या मागच्या ॲक्सलांवर १६ टन असतील तर कोरड्या रस्त्यावर ९.६ मिळते, ओल्यावर ६.४. म्हणजे पाऊस पडला की चाकं जागेवर फिरणार. दुसरा पुलर मागून ढकलायला हवाच, आणि उतारावर तोच ब्रेक.

पुलांवर ताशी ५ किलोमीटर, पट्ट्याच्या मध्यापासून ३०० मिमीपेक्षा जास्त सरकायचं नाही, दुसरं वाहन पुलावर नाही आणि ब्रेक नाही. सावित्रीचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ ला पुरात गेला, तिथे नवा आहे. चिंता करायची ती वळसा घालताना लागणाऱ्या लहान मोऱ्यांची, ज्यांची नावंही कुणाला माहीत नसतात.

टोलनाक्यावर साधी लेन ३.२ मीटर, तुम्ही ३.३. सगळ्यात डावीकडची ४.५ मीटरची लेन घ्यायची आणि तिथले प्लॅस्टिकचे खांब आदल्या दिवशी काढून ठेवायला सांगायचे.

तारीख बघा. गणपतीत दरवर्षी या हायवेवर १६ टनांवरच्या गाड्यांना बंदी घालतात. ऑगस्टअखेर जहाज लागलं आणि बंदरातून सुटायला आठवडा गेला की तुम्ही बरोबर त्यात सापडाल.

---

अठरा_टन

ई-वे बिलाचं (जीएसटीखाली मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन बिलाचं) राहिलं. वाहन प्रकारात 'ओव्हर डायमेन्शनल कार्गो' (ओडीसी, मापाबाहेरचा माल) निवडा. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, ओडीसीला २० किलोमीटरला एक. अंतर सव्वातीनशे धरलं तर १७ दिवस. 'रेग्युलर' निवडलं तर दोनच दिवस मिळतात आणि तुम्ही अजून माणगावला असता. पुलर बदलला की बिलाच्या भाग ब मध्ये गाडीचा नवा नंबर टाकायचा. मुदत वाढवायची सोय मुदत संपण्याआधी आणि नंतर ८-८ तासांपुरतीच आहे.

---

भरतीओहोटी

यार्डाला स्वतःची जेट्टी असेल तर एक दर बार्जचाही मागवा. सपाट बार्जवर ॲक्सल ट्रेलरसकट चढवायचं, चाकं आत येतील तसं पाण्याचं बॅलास्ट हलवत राहायचं आणि भरतीच्या वेळी उतरवायचं. घाट, तारा, टोल काहीच नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ ऑगस्ट हे खराब हवामानाचे महिने, त्यामुळे बार्ज सप्टेंबरात मिळेल. गणपतीच्या बंदीत रस्त्याने तरी कुठे हलणार आहात? जेट्टीवर ओहोटीला किती पाणी राहतं आणि तिचा स्लॅब रांगेला सव्वाबारा टन घेतो का, एवढं कळवा.