मदत हवी आहे: तबल्यावर चौगुनीत (चौपट लयीत) 'तिट' हा बोल चिकटतोय, रियाज कसा बांधावा?

नमस्कार मंडळी. मुलगा तबला शिकतोय, मध्यमा प्रथम परीक्षेची तयारी चालू आहे. तीनतालातला (सोळा मात्रांचा ताल) दिल्ली घराण्याचा कायदा (विस्तार करायची ठरलेली बोलरचना), 'धाधा तिट धाधा तिंना', बरोबरीत (मूळ लयीत) आणि दुगुनीत स्वच्छ वाजतो. चौगुनीत गेला की 'तिट'ची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पुढच्या ओळीतल्या 'ताता'ला डग्गा (डाव्या हाताचा तबला) बंद हवा, तिथेही घुमत राहतो, आणि सोळा मात्रा संपताना सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, निसटते.

गुरुजी म्हणतात, लय उतरव, हातावर ताल देत पढंत कर (बोल तोंडानं म्हण), मगच वाजव. पटतं. पण घरी तो बसला की थेट चौगुन! तासभर तेच. (शेजारच्या काकूंनाही आता कायदा पाठ झालाय.) माझ्या मते हा रियाज नाहीच, चुकीची निकासच (बोल काढायची पद्धत) हातात पक्की होतेय.

जाणकारांना विचारायचंय: लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी सुरावट) लावावा की मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र)? मेट्रोनोमचे ठोके सारखेच, त्यात नववी मात्रा, म्हणजे खाली (जिथे टाळी देत नाहीत ती मात्रा), कुठे आली ते कळत नाही. लेहऱ्यात सम आपोआप ऐकू येते. पण लय अगदी थोडी वाढवायची तर मेट्रोनोम सोयीचा वाटतो. लय कधी वाढवावी, हे तुम्ही कशावरून ठरवता? नुसता 'तिट' वेगळा घोटावा, की पूर्ण ओळीतच? आणि बारा वर्षांच्या मुलाला विलंबित (संथ) लयीत बसवून कसं ठेवता, हेही सांगा. मला तर तेच सगळ्यात अवघड जातंय.