पाणलोटाची कामे होऊनही मार्चमध्ये टँकर का लागतो?

ओढाकाठ (प्रश्न):
आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात आहे. आठ वर्षांपूर्वी आम्ही श्रमदानातून डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे) खणले, शिवारात बांधबंदिस्ती केली आणि ओढ्यावर तीन माती नालाबांध घातले. पहिली दोन वर्षे शाळेमागच्या विहिरीत एप्रिलमध्येही पोरे पोहत होती. पुढे कांद्याच्या जोडीला डाळिंब आणि ऊस आला, बोअर वाढले, प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी झाली. यंदा पाऊस सरासरीइतका पडूनही मार्चमध्ये टँकर सुरू झाला. चर गाळाने बुजले आहेत. ते पुन्हा उकरण्यासाठी निधी मागावा, असे ग्रामसभेत घाटते आहे. दुखणे खरोखर चरांतच आहे काय?

काळा_कातळ:
चर अवश्य उकरा, परंतु दुखणे तिथे नसावे. आपल्या बसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, आणि ही जागा मुळातच थोडी असते. चरांमुळे ती लवकर भरते, मोठी होत नाही. आजूबाजूचे खोल बोअर त्याच भेगांतून पाणी ओढू लागले की आठ परस (पुरुषभर उंचीचे माप) खोल विहिरीचे झरे आटतात.

शेततळ्याचा हिशेब तर कागदावर मांडूनच पाहा. वर ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल अशा उतरत्या बाजूंच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ते पावसाळ्यात ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरले असते तर तक्रार नव्हती. पण दिवाळीनंतर बोअर लावून भरले जाते तेव्हा जमिनीखाली सावलीत असलेले सगळ्यांचे पाणी एकाच्या तळ्यात उन्हात येऊन पडते. उन्हाळ्यात रोज सात मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी शंभर दिवसांत ७० सेंटिमीटरचा थर कोणाच्याही पिकाला न लागता नाहीसा होतो.

माळरान:
हिवरे बाजार तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथले चर आणि बंधारे पाहायला सगळे जातात, पाणी खर्चण्याचे नियम मात्र फारसे कोणी विचारत नाही. तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, उसासारखे पाणीखाऊ पीक लावायचे नाही, असे ठरवले. शिवाय दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावर रब्बीचे नियोजन ठरते. डोंगराला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आहे. गवत विळ्याने कापून न्यायचे. वर गवत टिकले नाही तर तुमचे उकरलेले चर चार पावसाळ्यांत पुन्हा बुजतील.

कोकरू:
वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, फक्त चराईबंदीविषयी घाई करू नये. आमच्या गावात ती एका ठरावाने लागू झाली. ज्यांच्याकडे बांधावरही गवत नव्हते, त्यांना शेळ्या विकाव्या लागल्या. डोंगरात मुरलेले पाणी मात्र खालच्या बागाईतदारांच्या विहिरींत उतरले. ज्याची शेळी गेली त्याला त्या पाण्यात वाटा काय, हा प्रश्न ग्रामसभेत कोणी काढलाच नाही.

तो प्रश्न विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने मुळापासून हाताळला होता. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते दिले जाई. भूमिहीनालाही हक्क होता आणि ऊस वर्ज्य होता. अर्थात ती व्यवस्था मुख्यतः उपसा योजनांवर (पंपाने पाणी उचलून देणाऱ्या) चालली, जिथे पाणी एका ठिकाणाहून मोजून देता येते. स्वतःच्या रानातल्या बोअरवर असा नियम लावणे फार कठीण आहे, हे मान्य करावे लागेल.

काळा_कातळ:
निदान एक आधार कायद्यात आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्याने निर्बंध घातले. नळयोजनेच्या विहिरीभोवती किती बोअर आहेत, ते आधी मोजा.

ओढाकाठ:
सकाळी दोघे जण टेप घेऊन गेलो होतो. नळयोजनेच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत अकरा बोअर आहेत. त्यांतला एक आमच्या थोरल्या चुलत्यांचा आहे आणि त्यावर आमचेच डाळिंब आहे. निधीचा अर्ज तूर्त थांबवला आहे. ग्रामसभेपुढे अकराही बोअरची यादी ठेवणार आहे, पण त्याआधी चुलत्यांशी बोलावे लागेल.